शंभरावी चूल

काल आमच्या थोरल्या सुनेने माझ्या स्वयंपाकघराचं दार वाजवलं. बोटाच्या पेराने, हळूच, टक टक. परक्याच्या घरी गेल्यावर वाजवतात ना, तसं. वर विचारते कशी, "आई, येऊ का आत?" हातात वाटी, वाटीवर ताटली. "भाजी केली होती, म्हटलं तुम्हाला चवीला द्यावी."

चवीला! जिला मी मीठ चिमटीत किती धरायचं ते शिकवलं, ती मला चवीला देते. मी वाटी घेतली आणि एक अक्षर बोलले नाही. माझं न बोलणं या घरात वादळाच्या आधीचं समजतात. आमचे हे तर लगेच कोपऱ्यातली चप्पल शोधायला लागले. पण वादळ आलं नाही. बोलणार कोणत्या तोंडाने? ते दार मीच बसवून घेतलं होतं. तिची चूलसुद्धा मीच माझ्या हाताने पेटवून दिली होती. कशासाठी? तर गावासाठी. लोक गावासाठी विहिरी देतात, जमिनी देतात. मी माझं स्वयंपाकघर दिलं, आणि त्याबद्दल हार राहू दे, बसायला कोणी खुर्चीसुद्धा दिली नाही.

झालं असं, की जिल्हा कचेरीतल्या कोणाच्या तरी मनात आलं, की आपल्या जिल्ह्यात गावं फार झाली. जिल्हा चालवायचा म्हणजे गावं लागणारच. पण त्यांना ती पसाऱ्यासारखी वाटायला लागली. मग हुकूम निघाला: ज्या गावात शंभर घरं नाहीत ते गाव शेजारच्या गावात विलीन करायचं. शब्द बघा किती गोड. साखर पाण्यात विलीन होते म्हणतात. पण साखरेला कोणी विचारलंय का, बाई तुला कसं वाटतं?

आमचं गाव विलीन होणार होतं ओढ्यापलीकडच्या गावात. म्हणजे आमची गावकचेरी बंद, आमच्या कारकुनाचा शिक्का तिकडे, आणि गावाच्या तोंडाशी नावाची पाटी आहे ती काढून ठेवायची. जन्म नोंदवायला ओढा ओलांडा, मरण नोंदवायला ओढा ओलांडा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी चढलं, की मेलेल्या माणसाने ते उतरेपर्यंत सरकारदरबारी जिवंत राहायचं.

हेही मी सोसलं असतं. पण पलीकडच्या गावात माझी लेक दिलेली आहे, आणि तिच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई, तिथे कचेरीसमोरच राहतात. हुकूम निघाल्याबरोबर त्यांचा निरोप आला. "आता काय, आपण एकाच गावच्या होणार! काही अडलंनडलं तर संकोच करू नका, आमच्या ह्यांना सांगा, कचेरीत त्यांचाच शब्द चालतो. आमच्याच गावच्या म्हणून तुमचं काम आधी करून देतील."

निरोप आणणाऱ्याला मी चहा दिला. साखर घातली नाही. आणि त्याच क्षणी मी ठरवलं, की मी आहे तोवर हे गाव कोणात विरघळणार नाही.

काळजीचं तसं काही नव्हतंही. आमच्या कारकुनाने आधीच गावभर फिरून घरं मोजली होती, ती बरोब्बर शंभर भरली. काठोकाठ. फक्त मोजणीवाला येऊन जाईपर्यंत कोणी घर सोडून जाऊ नये, इतकंच पाहायचं होतं. मी सगळ्यांना तशी ताकीद दिली. सुताराचा म्हातारा वेगळ्या चुलीचा, एकटाच, अंथरुणाला खिळलेला. त्यालाही सांगितलं, "दोन-चार दिवस कळ काढा, मग काय ते करा."

मोजणीवाला आला. किडकिडीत पोरगा, खांद्याला झोळी, पायात बूट, आणि बुटाला आमच्या रस्त्याचा चिखल. उन्हातून आलेला म्हणून मी त्याला बसवलं, जेवायला वाढलं. तो म्हणाला, "आजी, घरात माणसं किती?"

"आजी कोणाची?" मी म्हटलं. "बाई म्हण. आणि माणसं काय विचारतोस, चूल विचार. या गावात भाऊ भावाला बघत नाही, घरोघरी चुली फुटल्या. पण इथे एकच चूल. दोन मुलगे, दोन सुना, नातवंडं, सगळी एका चुलीवर. आणि आमचीच नाहीत हो. शेजारचे टपालकाका, निवृत्त झाल्यापासून इथेच जेवतात. समोरचा शिंपी, एकटा जीव, तोही इथेच. माझ्या चुलीवर अर्धी गल्ली जेवते!"

पोराचा घास हातातच राहिला. "इथेच जेवतात? रोज?"

"दोन्ही वेळ," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

तो हात धुऊन उठला आणि थेट टपालकाकांच्या घरात शिरला. काकांच्या चुलीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. तिला हे सरकारी काम आहे हे कळलं नाही, तिने त्याच्या बोटाला चोच मारली. मग तो शिंप्याकडे गेला. शिंप्याची चूल पेटलेली होती, मला हायसं वाटलं. पण तिच्यावर भाताचं भांडं नव्हतं, इस्त्री तापत होती.

पोरगा परत आला तो पेन काढूनच. "बाई, घर म्हणजे भिंती नव्हेत. एका चुलीवर जेवतात ते एक घर, असा नियम आहे. ही दोन्ही घरं तुमच्यात धरावी लागतील." आणि माझ्याच ओट्यावर बसून, माझं जेवण पोटात असताना, त्याने ती दोन घरं खोडली.

शंभराची झाली अठ्ठ्याण्णव. गावात बातमी पसरली की बाईंनी दोन घरं जेवायला घालून मारली. लोकांच्या जिभेला हाड नसतं. मी आदरातिथ्य केलं, खोडलं त्या पोराने. आता चुकलं कोणाचं हे शहाण्या माणसाला सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या ह्यांना घेऊन जिल्हा कचेरीत गेले. हे बरोबर असले की बरं असतं, पिशवी धरायला कोणीतरी लागतं. पहिल्या खिडकीतल्या माणसाने दुसरी दाखवली. दुसऱ्या खिडकीत माणूस नव्हता, त्याचा कोट खुर्चीवर बसला होता. त्या कोटासमोर आम्ही बराच वेळ उभे. शेवटी तिसऱ्या खिडकीतल्या चष्मेवाल्याला दया आली.

"खोडलेलं घर पुन्हा लिहिता येत नाही," तो म्हणाला. "तशी सोय नाही."

"अहो पण घर जागेवर आहे! उद्यापासून काका स्वतः शिजवतील."

"शिजवू देत. पण खोडलेलं ते खोडलेलं. नवीन घर झालं असेल तर मात्र लिहितो. महिन्याअखेरपर्यंत मुदत आहे. मग साहेब स्वतः येऊन बघतील."

"नवीन घर होतं कशाने?"

त्याने चष्मा पुसला. "दोनच गोष्टींनी होतं, बाई. लग्नाने किंवा भांडणाने. तुमच्याकडे लग्नाचं कोणी आहे?"

"नाही."

"मग भांडा."

परतीच्या बसमध्ये हे हळूच म्हणाले, "भांडायला वेळ लागणार नाही." मी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा ते पिशवीच्या बंदाकडे बघत होते.

गावात आले तर ओट्यावर सल्लागार मंडळ बसलेलंच. एकाने सुचवलं, टपालकाकांचं लग्न लावू. काका घाबरून जे गेले ते जेवणाच्या वेळेपर्यंत दिसले नाहीत. दुसरा म्हणाला, गुरांचा गोठा घर म्हणून दाखवू. मी विचारलं, "आणि साहेबाने नाव विचारलं तर म्हैस सांगेल का?" मग सुतारीण पुढे सरसावली. ही सुतारीण म्हणजे, तिच्या मुलांनी चूल वेगळी केली तेव्हा मी तिच्या अंगणात उभी राहून तिला चार शब्द सुनावले होते. घर कसं धरून ठेवायचं, सुनांना कसं सांभाळायचं, वगैरे. चांगलेच शब्द होते. तिने ते जपून ठेवले होते वाटतं.

"वहिनी," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडात जणू खडीसाखर होती, "गावात सगळी घरं फुटून झाली. फुटायचं राहिलेलं असं एकच घर आहे."

सगळे माझ्या घराकडे बघायला लागले. जसं काही ते आजच पहिल्यांदा दिसत होतं.

हिशेब मलाही येतो, तीन इयत्ता शिकले आहे. माझ्या एका चुलीच्या तीन झाल्या, की गाव शंभर. मी रात्रभर विचार केला असं लिहिलं तर बरं दिसेल, पण मी तिथेच उभ्या उभ्या ठरवलं. म्हटलं, "सुतारीणबाई, तुमच्या ह्यांना सांगा, उद्या करवत घेऊन या. दारं करायची आहेत."

मुलग्यांना सांगितलं तर ते म्हणाले, "आई, तू म्हणशील तसं." जन्मल्यापासून ते एवढंच म्हणतात. सुनांना सांगितलं, "नाटक आहे हं. साहेब येऊन जाईपर्यंत. मग पुन्हा एक चूल." दोघी एकमेकींकडे पाहून "हो आई" म्हणाल्या. त्या दोन शब्दांत एवढी आज्ञाधारकता होती, की तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

कामाला सुरुवात झाली. थोरलीची चूल धान्याच्या खोलीत, धाकटीची मागच्या पडवीत, माझी जिथल्या तिथे. गवंड्याने धाकटीच्या चुलीचं तोंड वाऱ्याकडे केलं. पहिल्यांदा पेटवली तेव्हा धूर पडवीत न राहता सरळ ह्यांच्या खोलीत गेला, आणि हे खोकत बाहेर आले ते शिंप्याच्या घरात जाऊन झोपले. चूल फोडून पुन्हा बांधली, तर धूर माझ्या खोलीत. गवंडी म्हणाला, "बाई, आता वाराच फिरला त्याला मी काय करू?" तिसऱ्यांदा मी स्वतः शेजारी उभी राहिले, आणि वाऱ्याने माझा मान ठेवला.

मग दारं. माझ्या स्वयंपाकघराला कधी दार नव्हतं. नुसती चौकट. चौकटीतून घरभर सगळं दिसायचं: कोण आलं, कोण गेलं, कोणी किती तेल ओतलं. पण कारकून म्हणाला, चुलीच्या मध्ये दार हवं, नाहीतर साहेब एकच खोली धरतात. सुताराने दार बसवलं. बंद केलं तर मला माझं घर दिसेना. मी तशीच आत उभी राहिले, ओट्यासमोर, नवीन लाकडाचा वास घेत. मग उघडून बाहेर आले आणि सुताराला म्हटलं, "खाली घासतंय."

साहेब यायच्या दिवशी सकाळपासून गावभर चुली पेटलेल्या. टपालकाकांनीही पेटवली, खोडलेल्या घराची, नुसत्या निष्ठेपोटी. कोंबडीला आधी उठवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नाही, ती ओरडत गावभर फिरली.

साहेब जाडजूड, घामेजलेले, जीपमधून उतरतानाच "पाणी" म्हणाले. बरोबर तो मोजणीवाला पोरगा. या खेपेला मी त्याला जेवू घातलं नाही. शिकायला मला वेळ लागत नाही.

"तीन चुली," साहेब म्हणाले. "मागच्या वेळी एक होती ना?"

"मागच्या वेळी आमचं पटत होतं," मी म्हटलं. हे वाक्य मी आठवडाभर घोकलं होतं. सुतारीण कुंपणापलीकडून ऐकत होती, सगळं काम सोडून.

साहेबांनी ह्यांना विचारलं, "आजोबा, तुम्ही कुठे जेवता?"

मी ह्यांना पढवून ठेवलं होतं. पण गेले काही दिवस तिन्ही चुलींवर सराव चालला होता, आणि हे तिन्हीकडे चव बघून आले होते. पोट सुटलं होतं माणसाचं. हे प्रामाणिकपणे म्हणाले, "जिथे आधी शिजेल तिथे."

"म्हणजे एक माणूस तीन घरांत?" साहेबांच्या भुवया वर गेल्या.

"त्यांना ऐकू कमी येतं," मी म्हटलं. "त्यांना वाटलं तुम्ही तरुणपणचं विचारताय."

तेवढं निभावलं. साहेब माझ्या ओट्यापाशी आले, चूल बघितली, राखेत काडी घालून बघितली. तोच मागच्या खिडकीतून एक हात आत आला. नुसता हात. आणि आवाज, "अहो आई, मीठ!"

धाकटी. तीन चुली केल्या, तीन दारं केली, तीन पातेली मांडली, आणि मिठाची बरणी एकच राहिली. माझी. ती कधी कोणाच्या हातात दिली नव्हती, तेव्हा दुसरी घ्यायचं सुचणार कोणाला?

साहेबांनी त्या हाताकडे पाहिलं. "मीठ एकत्र?"

"उसनं," मी म्हटलं. "शेजारीपाजारी चालतंच की."

"आणि परत करतात?"

"करत नाहीत, म्हणून तर वेगळ्या झाल्या!"

पोरगा हसला. साहेब हसले नाहीत. "बाई, नाटकं खूप बघितली मी या जिल्ह्यात. शंभर करायला लोक काय काय करतात. एका गावाने शाळेचे वर्ग घरं म्हणून दाखवले." त्यांनी सुनांना हाक मारली. "सांगा बरं, भांडण कशावरून झालं?"

भांडणाचं कारण ठरवायचं राहून गेलं होतं. मी मनात म्हटलं, गेलं गाव. विहीणबाई ओढ्यापलीकडे खुर्ची पुसायला लागल्या असतील.

थोरली पुढे आली. पदर नीट केला. "साहेब," ती म्हणाली, "लग्न होऊन आल्यापासून मी या घरात एकदाही माझ्या हाताने मीठ घातलं नाही. मी कालवायचं, आई घालणार. तेल आई काढून देणार. आज काय शिजवायचं ते आई सकाळी सांगणार. मला कारल्याची भाजी आवडते. आईंना कडू चालत नाही, म्हणून मी माहेरी गेले की खाते."

"आणि भांडं घासलं," धाकटी खिडकीतूनच म्हणाली, "तर त्या पुन्हा घासतात. आमच्यासमोर."

"आम्ही बसून बोलत असलो की चौकटीतून बघतात."

"बघून काही बोलत नाहीत. ते जास्त वाईट."

पाठ केल्यासारखं चाललं होतं, एकीचं संपतंय तोवर दुसरीचं सुरू. कुठे अडत नव्हत्या, कुठे आठवावं लागत नव्हतं. मी मधे बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. कारण मी ते खोडून काढलं तर भांडण नाही असं ठरणार, आणि गाव जाणार. जन्मात पहिल्यांदा मी माझ्याच घरात, माझ्याच ओट्याला टेकून, माझ्याबद्दल ऐकत गप्प उभी राहिले. कुंपणापलीकडे सुतारीण मान खाली घालून तण उपटायला लागली, तिला एवढ्याची अपेक्षा नसावी.

साहेबांनी कपाळाचा घाम पुसला. मोजणीवाल्याला म्हणाले, "लिही. तीन घरं. हे नाटक नाही."

गाव वाचलं. कारकुनाने पाटीला रंग दिला. विहीणबाईंना मी निरोप धाडला, की आमच्या गावी कधी काम पडलं तर संकोच करू नका. निरोप्याला म्हटलं, तिकडे चहा दिला तर साखर आहे का ते बघून ये.

पण साहेब जाताना सांगून गेले होते, की पुन्हा केव्हाही, न कळवता तपासायला येऊ. म्हणजे चुली राहिल्या. मी आपली सवयीने मोठं पातेलं चढवते आणि दोन माणसांचा भात तळाशी जाऊन बसतो, शोधावा लागतो. टपालकाका आता थोरलीकडे जेवतात, शिंपी धाकटीकडे. काका परवा मला म्हणाले, "वहिनी, कारलं एवढं चांगलं लागतं हे मला माहीत नव्हतं." मी म्हटलं, तुमची कोंबडी बरी तुमच्यापेक्षा, निदान एका चुलीला धरून होती.

तर काल ती वाटी. रागाने मी ती फडताळात ठेवून दिली, बघायचीसुद्धा नाही म्हणून. मग उघडून बघितली, नुसती बघायला. कारलं होतं. एक फोड तोंडात टाकली, तिचं कुठे चुकलंय ते कळावं म्हणून. मग दुसरी टाकली, कारण पहिलीत सापडलं नाही. वाटी संपली तरी सापडलं नाही. मीठ जेवढं हवं तेवढंच होतं, चिमूटभर इकडे नाही की तिकडे नाही. वाटी मी घासली, पुसली आणि हे झोपल्यावर पुन्हा एकदा घासली.

आज दुपारी परत टक टक. मी दार उघडलं. थोरली उभी, रिकामी वाटी न्यायला आलेली, पाठीमागे धाकटी. दोघींचे चेहरे पडलेले.

"आई," थोरली म्हणाली, "तुम्हाला एकटं वाटत असेल तर आम्ही चुली मोडतो. पुन्हा एकत्र करू. गावाचं काय व्हायचं ते होईल. त्या दिवशी साहेबांसमोर आम्ही फार बोललो."

पडवीत हे उठून उभे राहिले. चप्पल पायातच होती. मी मिठाची बरणी उचलली, धाकटीच्या हातात दिली, आणि थोरलीला म्हटलं, घरभर ऐकू जाईल असं:

"बोललीस ते बोललीस, परत गिळू नकोस. चूल तुझी तू चालव, कारलं चांगलं करतेस, मला तुझं काही मोडायचं नाही. पण नीट ऐक. या दारावर पुन्हा टकटक केलीस ना, तर त्या धान्याच्या खोलीत येऊन तुझी चूल या हाताने विझवीन. मग नव्व्याण्णव तर नव्व्याण्णव, आणि गाव गेलं ओढ्यात तरी चालेल! ये आत."